गंजू दिलेला पूल

११ मार्च

नगरपालिकेच्या साहेबांनी फोन न करता पत्र पाठवलं, तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. पाकीट फोडायच्या आधी हात धुतले, चहा प्यायले, वेल्डर मास्तरांना दोन कामं सांगितली आणि मग फोडलं. अपेक्षेपेक्षा वाईट निघालं.

पादचारी पुलाच्या कठड्याचा गंज लोकांच्या हातांना आणि कपड्यांना लागतो, अशा तक्रारी आहेत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाहणी होईल. तेव्हाही गंज सुटत असेल, तर पूर्ण पूल राखाडी तैलरंगाने रंगवण्यात येईल आणि ‘माल सदोष’ असा शेरा फाइलवर मारण्यात येईल.

तक्रार कोणाची ते त्यात लिहिलेलं नाही, पण मला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर. गेल्याच महिन्यात त्यांनी मला पुलावर गाठून पांढरी बाही पुढे केली होती. “बाई, तुमचा पूल रोज माझ्याबरोबर घरी येतो. धुणं तुमच्याकडे पाठवू का?” मी हसले. हसायला नको होतं.

पंधरा वर्षं मी ग्रिल, जिने आणि फाटकं केली. हा माझा पहिला पूल. बसथांब्यापासून हॉस्पिटलच्या मागच्या दारापर्यंत, ओढ्यावरून, बावीस मीटर. नकाशा काढणाऱ्याने वेदरिंग स्टील मागितलं होतं, म्हणजे ज्याला रंग लावायचा नसतो असं पोलाद. ते पहिल्यांदा गंजतं, नारिंगी होतं, गळतं, लोक नावं ठेवतात. मग तोच गंज घट्ट बसतो, काळपट तपकिरी होतो आणि आतल्या लोखंडाला झाकून टाकतो. साध्या लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो, खाली नवं लोखंड उघडं पडतं, ते पुन्हा गंजतं, आणि असं करत सगळं संपतं. ह्याचं तसं होत नाही. हे सगळं मी साहेबांना, त्यांच्या कारकुनाला आणि सिस्टरांना समजावून सांगितलं आहे. आता पूल बसवून आठ महिने झाले आणि मला स्वतःलाच कुणीतरी समजावून सांगायची वेळ आली आहे.

१४ मार्च

पुलावर दीड तास काढला. चिकटपट्टी दाबायची, ओढायची, तिच्यावर काय आलं ते बघायचं. बारीक भुकटी आली तर ठीक. पापुद्रे आले तर गेलं सगळं.

उजवा कठडा उत्तम. डावा कठडाही उत्तम, फक्त हॉस्पिटलकडच्या टोकाचा दोन मीटरचा पट्टा सोडून. तिथे माझ्या नावाची पितळी पाटी आहे, आणि तिच्या आजूबाजूला, कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत, प्लेट अजून पहिल्या महिन्यात असावी तशी नारिंगी. हात लावला की तळवा रंगतो. बाकीचा पूल चॉकलेटी होत चाललाय आणि हा पट्टा मात्र काही केल्या पुढे जात नाही. आणि नेमकी तिथेच हॉस्पिटलची माणसं वळतात, टेकतात, गप्पा मारतात.

घरी येऊन जेवताना सांगितलं. बाबा वरणात भात कालवत होते. म्हणाले, “मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. गंज तो गंज.”

“बाबा, एकदा येऊन तरी बघा.”

“मी त्या पुलावर पाय ठेवणार नाही. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडलो, त्याचा पूल पोरीने बांधला, हे बघायला कशाला येऊ?”

चाळीस वर्षं हे खरं आहे. पाण्याच्या टाक्या, फाटकं, जुने पूल, सगळं त्यांनी खरवडलंय, घासलंय, रेड ऑक्साइड मारून रंगवलंय. ह्याच जागेत, खाली, त्यांचे डबे रचलेले असायचे. आता खाली माझा कारखाना आणि वर आम्ही तिघं. मला वाटलं होतं, एवढं मोठं काम बघून त्यांना अभिमान वाटेल. बाबांना माझ्या कामाशी काडीचं देणंघेणं नाही, हे आता मान्य करून टाकावं. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा आशा लावून बसणार नाही.

२२ मार्च

पोलादाचा दाखला काढून वाचला. सगळ्या प्लेटा एकाच घाण्यातल्या. तांबं, क्रोमियम, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे माल खोटा नाही. मग पट्टा असा का?

२ एप्रिल

झाड! त्या टोकाला झाडाची फांदी कठड्यावर येते. हे पोलाद भिजायला हवं आणि वाळायलाही हवं, पुन्हा भिजायला, पुन्हा वाळायला. सतत ओलं राहिलं तर थर बसत नाही. फांदीवरून थेंब पडत असणार, सावली असणार. मला इतका आनंद झाला की पुलावरच टाळी वाजवली. एक आजोबा दचकले.

परवानगी घेऊन फांदी छाटून घेतली.

बाबा संध्याकाळी म्हणाले, “त्या टोकाला सकाळी सातपर्यंत तरी ऊन येत नाही. नऊला येत असेल.” मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? तर म्हणाले, पूर्व कुठली पश्चिम कुठली एवढं मला कळतं. टोमणे मारायला त्यांना खगोलशास्त्रसुद्धा चालतं.

१७ एप्रिल

फांदी जाऊन दोन आठवडे झाले. पट्टा जसाच्या तसा. उलट परवापेक्षा जास्त उजळ वाटला. एक-दोन ठिकाणी तर चक्क करडं लोखंड दिसत होतं. माझे डोळे तपासून घ्यायला हवेत.

आई धुण्याच्या बादलीवर वैतागलेली. “तुझ्या कामाचे डाग माझ्या सगळ्या कपड्यांना. ह्यांचे रुमाल बघ, एक धड राहिला नाही.” मी माझे कामाचे कपडे वेगळे भिजवायला लागले. बिचारी बाबांचे रुमाल घासून घासून थकली.

बाबांचं फिरणं मात्र नियमित. सकाळी साडेपाचला बाहेर, सातला घरात. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, आता आपणहून जातात. हातात पिशवी, येताना दूध. एक तरी गोष्ट घरात सुरळीत चाललीय.

२४ एप्रिल

आज मी वाईट वागले. लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहिते.

मास्तर म्हणजे आमचे वेल्डर. वय छप्पन्न. आधी बाबांकडे होते, मग माझ्याकडे राहिले. सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून मास्तर. साठ्यातले तारेचे दोन ब्रश नाहीसे झालेत, म्हणून सकाळी मी त्यांना हटकलं. मग बोलता बोलता पट्ट्यावर आले. त्या टोकाला तुम्ही वेल्डिंगच्या साध्या कांड्या वापरल्यात का? तेलाच्या चिंधीने पुसलंत का? प्लेट बसवायच्या आधी वाळूचा मारा नीट केला नाही का? एकापाठोपाठ एक विचारत सुटले.

मास्तरांनी हातमोजे काढले. “ताई, पट्ट्याचं कारण कारखान्यात नाही.”

“मग कुठे आहे?”

ते वर जिन्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला कशाला तोंड उघडायला लावता,” आणि डबा घेऊन दोन वाजताच घरी गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

चूक कबूल करायची नसली की माणसं अशीच छताकडे बघतात. तरी मला बरं वाटत नाहीये.

६ मे

अडीच महिने उरलेत. साहेबांच्या कार्यालयातून रंगाचा नमुना आला. हातभर पत्र्यावर राखाडी रंग. मी तो टेबलावर पालथा घालून ठेवला.

खरं सांगायचं तर आज पहिल्यांदा वाटलं, लावू दे रंग. सगळ्यांची कटकट मिटेल. सिस्टरांची बाही पांढरी राहील. मी ग्रिल करीन, फाटकं करीन, त्यात वाईट काय आहे? मग बाबा म्हणतील, सांगितलं होतं. ते म्हणतील म्हणून नको, की मला स्वतःलाच नको, हे ठरवता आलं नाही.

रंग लावला की थराचं काही कळणारच नाही. तो बसला असता की नसता, हे कायमचं झाकलं जाईल. ह्याचा त्रास जास्त होतोय.

१२ मे

पाटी.

पितळ आणि पोलाद चिकटून बसले आणि मध्ये पाणी साचलं, की पोलाद लवकर खराब होतं. हे शाळेतल्या पोराला कळतं. पट्टा नेमका पाटीभोवतीच आहे, हे मी दोन महिने बघत होते आणि पाटी माझी म्हणून तिच्याकडे संशयाने बघितलंच नाही. पट्टा दोन मीटर आणि पाटी वीतभर, हे गणित तितकंसं जमत नाही, पण आता दुसरं काही उरलेलं नाही.

दुपारी जाऊन चार बोल्ट काढले. पाटी पिशवीत घातली. एवढ्याशा पितळाला इतकं वजन असेल असं वाटलं नव्हतं. मी केलेल्या कुठल्याच जिन्यावर किंवा फाटकावर माझं नाव नव्हतं. हे पहिलंच होतं. पुलावर थोडी रडले. ओढ्याकडे तोंड करून रडलं की कुणी विचारत नाही.

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय मिळणार?

१४ मे, सकाळ

कारखाना उघडायची वेळ झाली. तरी लिहून काढते, नाहीतर विसरेन कोण काय म्हणालं ते.

काल फिरून आल्यापासून बाबा घुश्शात होते. जेवले नीट नाहीत. आज सातला आले, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि मी चहा घेत होते तिथे समोर उभे राहिले.

“पाटी का काढलीस?”

मी म्हटलं, “पितळामुळे गंज…” आणि थांबले. “तुम्हाला कसं कळलं पाटी काढली ते?”

आई चहा ओतत होती. ओतायची थांबली.

“त्यांनी काढायला लावली का? त्या साहेबाने?” बाबांचा आवाज चढला. “नाव काढायला लावलं तुझं? मी जाऊन बोलतो त्याच्याशी. त्याच्या टाक्या मी रंगवल्यात.”

“बाबा, तुम्ही पुलावर गेला होता?”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“तुम्ही तर पाय ठेवणार नव्हतात.”

आई म्हणाली, “आता सांगून टाका. माझे रुमाल तरी वाचतील.”

मी उठले आणि कोपऱ्यातली पिशवी उघडली. दुधाची पिशवी. तिच्याखाली तारेचा ब्रश, खरवडायची पट्टी, आणि नारिंगी झालेला रुमाल.

१४ मे, दुपार

कारखाना बंद ठेवला. आता शांतपणे लिहिते.

पूल बसवल्यापासून दुसऱ्या महिन्यात बाबा गुपचूप बघायला गेले. म्हणजे ते गेलेच होते. पाटी वाचली. मग तिथेच उभे राहिले. रात्रपाळी सुटून माणसं येत होती, आणि दोघीजणी पाटी वाचून, मग गंजाकडे बघून हसल्या. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून बाबा साडेपाचला निघायला लागले. पाळी सुटायच्या आत पाटीच्या आजूबाजूचा गंज घासून काढायचा, रुमालाने पुसायचं, दूध घ्यायचं, घरी यायचं. रोज, आठ महिने. पावसातसुद्धा. आई म्हणते, तापातसुद्धा दोन दिवस गेले.

“सगळा पूल माझ्याच्याने होईना,” ते म्हणाले. “म्हटलं, निदान नाव आहे तिथे तरी स्वच्छ दिसू दे. तुझं नाव गंजात उभं होतं गं.”

मी ओरडले. खूप ओरडले. तुम्ही रोज उठून माझा थर मोडलात, तो रोज नव्याने बसायला लागायचा आणि तुम्ही रोज काढायचात, पुलावर एकच जागा खराब आहे आणि ती तुम्ही केलीत, मी मास्तरांवर आळ घेतला, झाड छाटलं, पाटी उपटली. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, नखांत गंज भरलेला. मग म्हणाले, “म्हणजे मी घासलं नसतं तर ते काळं झालं असतं?”

“हो!”

“बाकीचा पूल झालाय तसं?”

“हो, बाबा.”

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडतायत, म्हणून माझा राग गळून गेला आणि मीच रडायला लागले. आई म्हणाली, दोघांनीही तोंडं धुऊन घ्या, पोहे गार झाले.

मघाशी मागची पानं चाळली. १४ मार्चला मी काय लिहून ठेवलंय! खोडत नाही. राहू दे.

पण खरं सांगू? जीव भांड्यात पडला. पोलाद चांगलं आहे. वेल्डिंग चांगलं आहे. माझ्या कामात खोट नव्हती. होता तो माझा बाप.

१५ मे

दुपारी भर उन्हात बाबांना घेऊन पुलावर गेले. मी समजावून सांगायला सुरुवात केली, तर म्हणाले, “तू बोलू नकोस. मला बघू दे.”

मग त्यांनी बघितलं. मी त्यांना काम करताना लहानपणी बघायचे, तेव्हासारखं. काळपट भागावर नख मारलं. खरवडायच्या पट्टीच्या टोकाने ठोकलं आणि कान लावून ऐकलं. बोट फिरवून वास घेतला. प्लेटेच्या खालच्या कडेला वाकून बघितलं, कारण म्हणे पापुद्रे आधी तिथे सुटतात. वीस मिनिटं. मग आपण घासलेल्या भागाकडे गेले, तिथेही तसंच सगळं केलं.

“हा वेगळा आहे,” म्हणाले. कशापेक्षा, ते सांगितलं नाही. परत येताना ओढ्यात थुंकले आणि म्हणाले, “आठ महिने फुकट घालवले गं मी तुझे.”

मी म्हटलं, अजून नऊ आठवडे आहेत.

१८ मे

मास्तरांच्या घरी गेले. दारातच म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, आत या, दारात माफी मागायला मी काय देऊळ आहे का? त्यांना फेब्रुवारीपासून माहीत होतं. सायकलवरून येताना त्यांनी बाबांना ब्रश घेऊन बघितलं होतं. बाबांनी शपथ घातली.

“मग मी तुम्हाला एवढं बोलले तेव्हा तरी सांगायचंत!”

“ताई, त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. त्यांना कसं पकडून देऊ?” मग चहा पुढे करत, “पण तेलाच्या चिंधीचं तुम्ही जे बोललात ना, ते मला लागलं. मी कधी तेलाची चिंधी वापरतो का?”

नाही वापरत. तेही कबूल केलं. ते उद्यापासून येणार आहेत.

पाटी परत बसवली, मध्ये नायलॉनचे वॉशर घालून आणि मागे बोटभर जागा सोडून. पितळाचा धोका होताच थोडा. तेवढं तरी मी बरोबर ओळखलं होतं.

३ जून

पट्ट्याला पुढे ढकलायचं तर त्याला भिजवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं, दिवसातून दोन-तीनदा. झाडांवर औषध मारायचा हातपंप घेतला, नवा, आत काही नसलेला. साधं पाणी.

कोण जाणार, हा प्रश्नच आला नाही. बाबा साडेपाचला निघतात. फवारतात. नऊला ऊन येतं, मग वाळतं. अकराला पुन्हा. तीनला पुन्हा. ब्रश मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. बाबा म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, नाही.

१९ जून

सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, “ते आजोबा तुमचे कोण? रोज कठड्याला आंघोळ घालतात.”

मी म्हटलं, वडील. गंज जावा म्हणून नाही, गंज बसावा म्हणून घालतात.

“घरात सगळेच असे आहात का हो?” असं म्हणून गेल्या. पण जाताना कठड्याला हात लावून, तळवा बघून गेल्या. ते मी बघितलं.

चिकटपट्टी लावली. भुकटी. काही पापुद्रे अजून आहेत, पण तांदळाच्या कणीएवढे. मे महिन्यात नखाएवढे होते.

५ जुलै

चार दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही. पट्टा वाळतच नाही. बाबा तिथे टॉवेल घेऊन उभे. मी लांबूनच ओरडले, “पुसू नका!” ते म्हणाले, “टिपतोय फक्त.” टॉवेल काढून घेतला. ह्या माणसाचा हात लोखंडावरून काढताना नाकी नऊ येतात.

पण घरी येताना हसू आलं. टॉवेल पिशवीत कोंबून दोघं चाललो होतो आणि बाबा सांगत होते, कुठल्या पुलाचे पापुद्रे सगळ्यात मोठे निघायचे. ताटाएवढे, म्हणाले.

२२ जुलै

लिहायला उशीर झाला, कारण घरात सगळे बोलतच होते. आता दुपार आहे, मास्तर खाली टेबलावर डोकं ठेवून झोपलेत. झोपू दे.

पाहणी सकाळी नऊला झाली. साहेब, त्यांचा कारकून, तक्रारदार म्हणून मोठ्या सिस्टर, मी. बाबा म्हणाले होते, मी येणार नाही, माझं तोंड बघून साहेबांना टाक्यांचा रंगच आठवेल. तरी ते पलीकडच्या टोकाला फवारणीचा पंप घेऊन उभे होतेच.

साहेबांनी पांढरा रुमाल काढला. सिस्टर म्हणाल्या, “रुमाल कशाला? माझी बाही आहे की.” आणि त्यांनी स्वतःचा दंड उजव्या कठड्यावर टेकवून बसथांब्यापासून हॉस्पिटलपर्यंत चालत नेला. बावीस मीटर. बाही वर करून दाखवली. धूळ होती. गंज नव्हता.

मग डावा कठडा. हॉस्पिटलकडच्या टोकाला त्या पट्ट्यावरून गेल्या आणि बाहीवर फिकट नारिंगी रेघ उमटली. काडीएवढी, पण उमटली.

साहेब वाकले. “हा भाग रंगाने वेगळा दिसतोय. का?”

माझं उत्तर तयार होतं. झाड, सावली, पितळ. तीन आठवडे पाठ केलं होतं, आणि त्यातलं काहीच पूर्ण खोटंही नव्हतं. मी तोंड उघडलं.

“तो मी खराब केला,” मागून बाबा म्हणाले.

साहेबांनी वळून बघितलं. ओळखलं. “तुम्ही?”

“रोज घासत होतो. आठ महिने. पोरीला न सांगता. मला वाटलं गंज आहे, काढावा. मला दुसरं काही येत नाही, साहेब. तिचं काम चोख आहे. बाकीचा पूल बघा, जिथे माझा हात पोचला नाही तिथला.”

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी बाबांना विचारलं, “आमच्या टाक्यांचं गंजाचं काम वीस वर्षं तुमच्याकडे होतं. तुम्हीच सांगा. रंग लावू की नको?”

आणि विचारलं कुणाला, तर चाळीस वर्षं रंगच मारणाऱ्याला. बाबांनी पंप खाली ठेवला, पट्ट्याजवळ गेले आणि कठड्यावर पंजा टेकवला.

“तुमच्या टाक्या मी दर तीन वर्षांनी रंगवल्या. पापुद्रे निघायचे म्हणून तुम्ही बोलवायचात. इथे नख मारून बघा. पापुद्रा निघाला तर मी स्वतः डबा घेऊन येतो.”

साहेबांनी नख मारलं. मग किल्लीने ओढलं. बारीक भुकटी पडली, चिमूटभरही नव्हती.

“अजून दोन महिन्यांत हाही बाकीच्यासारखा होईल,” बाबा म्हणाले. “आता ह्याला कुणी हात लावायचा नाही. माझ्यासकट.”

साहेबांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी बाहीवरची रेघ चोळली. “एवढी मी सोसते,” म्हणाल्या. “पण दोन महिन्यांनी पुन्हा बाही फिरवून बघणार हं, आजोबा.”

कागदावर साहेबांनी ‘रंग लावू नये’ असं लिहून खाली सही केली. मी ते तीनदा वाचलं. खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. पुलावर मला बाबांना मिठी मारायची होती, पण आम्ही दोघंही त्यातले नाही. मी पंप उचलला, त्यांनी पिशवी घेतली आणि घरी आलो.

२४ जुलै

साहेबांच्या कार्यालयातून देखभालीचा कागद भरायला आला. असल्या पुलाचा कागद त्यांच्याकडे नव्हताच, म्हणून जुन्याच कागदावरची ‘रंगकामाची तारीख’ खोडून पाठवलाय. जेवणाच्या टेबलावर बसून भरला. पाणी साचू देऊ नये. पाला साचला तर झाडावा. माती टेकू देऊ नये. घासू नये. हे शेवटचं लिहिताना बाबांकडे बघितलं नाही.

शेवटचा रकाना: वार्षिक पाहणी करणाऱ्याचं नाव. मी माझं लिहिलं.

बाबा म्हणाले, “पेन दे.”

माझ्या नावाखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. टाक्यांवर आकडे काढायचे तसं, एकेक अक्षर जाड, सावकाश, दोन्ही बाजूंनी रकान्याच्या बाहेर गेलेलं. मग कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, “एकाहत्तर म्हणजे काही फार नाही. दहा पाहण्या आरामात होतील.”

कार्यालयाला रकान्याबाहेरचं चालत नाही. मी कागद तसाच पाठवला.